पाचव्या जागेवरचं अक्षर

मुंबईहून येणारा रिपोर्ट जेमतेम एका ओळीचा असतो. 'आयव्हीएस वन-फाइव्ह, जी टू सी.' सांगली-मिरज भागातल्या एका रक्तपेढीच्या थॅलेसेमिया केंद्रात मी तपासणीचं आणि समुपदेशनाचं काम करते. सातारा जिल्ह्यातली शिबिरंही माझ्याकडेच असतात. भारतात थॅलेसेमियाच्या जनुकात जे बदल सापडतात त्यांत सर्वांत जास्त आढळतो तो हाच, त्यामुळे ही ओळ मी पुष्कळ घरांना वाचून दाखवली आहे. वाचून झाली की माझं खरं काम सुरू होतं. समोरच्या आईला त्या ओळीशी काही देणंघेणं नसतं. तिचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, आमच्या रक्तात ही खोट कुनाकडनं आली?"

विचारताना ती बहुतेक वेळा सासूकडे बघत नाही. घरात त्याआधीच निकाल लागलेला असतो. सुनेच्या माहेरात काहीतरी असणार, तिनं पोटुशी असताना काहीतरी खाल्लं असणार, गावच्या देवाचं राहिलं असणार. "आमच्यात कुनालाच असं न्हाई वो," हे वाक्य मी खटावात ऐकलंय, तासगावात ऐकलंय, पलूसमध्ये ऐकलंय. त्यावर पहिलं उत्तर सोपं असतं: मुलाला थॅलेसेमिया मेजर झाला म्हणजे एक जनुक आईकडून आलं आणि एक वडिलांकडून आलं, एकट्याकडून आलेल्या जनुकानं हा आजार होत नाही. हे उत्तर कुठलाही डॉक्टर देतो आणि ते द्यायलाच हवं. पण एवढ्यानं त्या बाईच्या मनावरचं ओझं उतरत नाही, ते फक्त दोघांत वाटलं जातं. नेमकं काय बिघडलं आहे, कुठे बिघडलं आहे, हे कळलं की मग ती मान वर करून बोलायला लागते. म्हणून मी तिला पेशी कशी काम करते ते सांगते. पूर्ण सांगते. दहावी शिकलेल्या बाईला ते समजतं, न शिकलेल्या आज्जींनाही समजतं, हा माझा अनुभव आहे.

गोष्ट अशी आहे. या आजारात कमी पडते ती हिमोग्लोबिनची बीटा साखळी. ती कशी बनवायची याची माहिती आपल्या अकराव्या गुणसूत्रावर आहे, सुमारे १,६०० अक्षरांत. अक्षरं चारच. पेशी या सगळ्याची जशीच्या तशी नक्कल काढते. या नकलेला कच्चा आरएनए म्हणू. कच्चा अशासाठी, की तिच्यातले तीनच तुकडे कामाचे असतात. त्यांच्या मधे दोन तुकडे असे आहेत की ज्यांच्यापासून साखळीतला एकही दुवा बनत नाही. पहिला १३० अक्षरांचा, दुसरा ८५० अक्षरांचा. पेशी हे दोन्ही कापून काढते आणि उरलेले तीन तुकडे जोडते. म्हणजे १,६०० पैकी ९८० अक्षरं केंद्रकातच काढून टाकली जातात आणि जोडलेला संदेश बाहेर जातो. कामाच्या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात, काढून टाकायच्या तुकड्यांना इंट्रॉन, आणि या कापण्या-जोडण्याला स्प्लायसिंग.

१९७७ पर्यंत असं काही असेल याची जगात कुणाला कल्पना नव्हती. जनुक म्हणजे सलग मजकूर, असंच सगळे धरून चालले होते. त्या वर्षी अमेरिकेत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी सर्दी-खोकल्याच्या एका विषाणूचा आरएनए त्याच्याच डीएनएवर चिकटवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोन्ही धागे सलग जुळायला हवे होते. त्याऐवजी डीएनएचे लांबच लांब वेढे बाहेर आलेले दिसले, ज्यांना आरएनएत जोडीदारच नव्हता. १९९३ साली दोघांना नोबेल मिळालं. साताऱ्यात रयतच्या सायन्स कॉलेजात आमच्या सरांनी फळ्यावर ते वेढे काढून दाखवले, तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. निसर्गात असं काही लपलेलं असू शकतं आणि ते नुसतं नीट बघितल्यावर सापडतं, हे मला तिथे पहिल्यांदा उमगलं. मी आज जिथे आहे त्याचं मोठं श्रेय त्या तासाला आहे.

आता पेशीला कळतं कसं, की नेमकं कुठे कापायचं? इंट्रॉन जवळजवळ नेहमी जी-टी या अक्षरांनी सुरू होतो आणि ए-जी नं संपतो. आरएनएत टी च्या जागी यू येतं, ते इथे सोडून देऊ. पण जी-टी ही जोडी तर नकलेत ठिकठिकाणी येते. म्हणून आजूबाजूची अक्षरंही वाचावी लागतात. हे वाचायचं काम यू-वन नावाचा एक छोटा आरएनए करतो, काही प्रथिनांना सोबत घेऊन. त्याच्या टोकाची अक्षरं सीमेवरच्या अक्षरांशी एकेक करून जुळतात, जी समोर सी, ए समोर यू. जितकी अक्षरं जुळतील तितकी पकड घट्ट. मग यू-टू येतो, यू-फोर, यू-फाइव्ह, यू-सिक्स येतात, शंभराच्या आसपास प्रथिनं येतात. इंट्रॉनचं सुरुवातीचं टोक सुटून त्याच्याच आतल्या एका ए अक्षराला जाऊन चिकटतं, फास तयार होतो. मग दुसरं टोक तुटतं, फास गळून पडतो आणि दोन एक्झॉन जोडले जातात. या सगळ्या यंत्रणेला स्प्लायसोझोम म्हणतात. आपल्या शरीरात रक्ताच्या कोट्यवधी पेशी रोज नव्यानं बनतात आणि त्यांतल्या प्रत्येकीसाठी हे अगणित वेळा, अक्षरही न चुकता, व्हावं लागतं.

आयव्हीएस वन-फाइव्ह म्हणजे पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर. तिथे जी हवं, तिथे सी आलेलं आहे. यू-वनचं त्या जागी बसणारं अक्षर सी आहे. सी समोर सी जुळत नाही. एवढंच. पकड ढिली होते, आणि मग जवळपासच्या तीन जागा, ज्या सीमेसारख्या दिसतात पण एरवी कधीच वापरल्या जात नाहीत, त्या वापरात येतात. खऱ्या सीमेच्या ३८ अक्षरं अलीकडे एक, १६ अक्षरं अलीकडे दुसरी, १३ अक्षरं पलीकडे तिसरी. ट्राइसमन, ऑर्किन आणि मनियाटिस या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच हे दाखवून दिलं होतं.

३८, १६ आणि १३. यांतल्या एकाही आकड्याला तीननं पूर्ण भाग जात नाही, आणि सगळा घात तिथे आहे. पेशी संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचते. हे दाखवायला मी टेबलाच्या खणात कागदाच्या पट्ट्या आणि कात्री ठेवते. पट्टीवर सलग लिहिलेलं असतं: बदकसततढढढणणणजवळफिरत. मधली ढढढणणण कापून दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडायची आणि तीन-तीन अक्षरांनी मोठ्यानं वाचायचं. बदक सतत जवळ फिरत. मग दुसरी पट्टी घ्यायची आणि कात्री एक अक्षर अलीकडे चालवायची. बदक सतज वळफि रत. पहिला शब्द ठीक, पुढचं सगळं निरर्थक, आणि अक्षर तर एकच कमी झालेलं. मी हे आयांनाच करायला लावते. स्वतःच्या हातानं कापलं की मग पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

एकदा विट्याकडचे एक द्राक्षबागायतदार वडील पट्टी हातात धरून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "पर ताई, ते अक्षर तर टाकून द्यायच्या भागातलं हाय न्हवं? मग ते बिघडलं म्हणून काय बिघडलं?" इतका नेमका प्रश्न मला पदव्युत्तर वर्गातही कुणी विचारला नव्हता. टाकून द्यायचा भाग कुठे सुरू होतो हे त्याच भागावर लिहिलेलं असतं, म्हणून बिघडतं. त्यांच्या मुलाच्या जनुकात साखळीची सगळी माहिती शाबूत आहे. तिन्ही कामाचे तुकडे, प्रत्येक अक्षर, जसंच्या तसं. हे ऐकल्यावर ते बायकोकडे वळून म्हणाले, "म्हंजी माल सगळा हाय."

चुकीचा जोडलेला संदेश पेशी ओळखते, हेही सांगायला हवं. तीन-तीनची वाचणी घसरली की लवकरच कुठेतरी 'थांबा' असा अर्थ होणारी तीन अक्षरं येतात. अवेळी आलेला हा थांबा पेशीच्या लक्षात येतो आणि ती तो संदेशच नष्ट करते, निम्मीअर्धी प्रथिनं तयार होऊ देत नाही. पण त्यामुळे बीटा साखळीचा तुटवडा पडतो. तिची जोडीदार अल्फा साखळी नेहमीसारखी बनत राहते, एकटी पडते, साचते आणि तयार होणाऱ्या लाल पेशीला अस्थिमज्जेतच मारते. मूल पांढरंफटक पडतं, प्लीहा वाढते, हाडं आतून रुंदावतात. पहिले काही महिने बाळ बरं दिसतं, कारण तोवर गर्भावस्थेतली गॅमा साखळी काम चालवून नेत असते.

तरीही वन-फाइव्हमध्ये यू-वन अधूनमधून खरी जागा शोधतो. थोडा बरोबर संदेश बनतो. शेजारचाच दुसरा एक बदल, वन-वन, त्यात इंट्रॉनचं पहिलंच अक्षर गेलेलं असतं आणि तिथे बरोबर संदेश अजिबात बनत नाही. वन-फाइव्हचं थोडं मुलाला पुरत नाही, दोन्हीकडून तेच जनुक आलं असेल तर बहुतेकांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. पण शरीर शेवटपर्यंत बरोबर कापायचा प्रयत्न करत असतं, हे मी प्रत्येक आईला सांगते, कारण ते खरं आहे.

रक्ताचं ते वेळापत्रक कुणाचीच सवड बघत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं, गावंच्या गावं पाण्यात, रस्ते बंद. त्या आठवड्यात ज्यांची पाळी होती ती मुलं आमच्यापर्यंत येऊ शकत नव्हती आणि रक्तदातेही येऊ शकत नव्हते. फोनवर आया विचारत होत्या, अजून किती दिवस कळ काढता येईल. काही मुलं कराडच्या बाजूला नेऊन तिथे रक्त दिलं गेलं. पाणी ओसरल्यावर जी आली त्यांच्यातली काही उचलून आणावी लागली. त्या दिवसांनंतर पावसाळ्याच्या आधी प्रत्येक घराशी दुसऱ्या ठिकाणाबद्दल बोलून ठेवणं हा आमचा नियम झाला.

कॉलेजच्या मुलांशी बोलताना मी आणखी एक गोष्ट सांगते. कापण्याची जागा बदलणं ही नेहमी चूकच असते असं नाही. आपल्याकडे जनुकं सुमारे वीस हजार, आणि त्यांतली बहुतेक एकाहून जास्त प्रकारे कापली-जोडली जातात. कुठल्या पेशीत, कुठल्या वेळी, कुठला एक्झॉन ठेवायचा आणि कुठला वगळायचा हे ठरवणारी प्रथिनं असतात. काही यंत्रणेला सीमेकडे बोलावतात, काही अडवतात. याचं उदाहरण लाल पेशीतच आहे. तिच्या आवरणाला आतून बळ देणारं ४.१ नावाचं प्रथिन आहे. अपक्व पेशीत त्याचा सोळावा एक्झॉन वगळला जातो. पेशी पक्व होत आली की तोच एक्झॉन ठेवला जाऊ लागतो, आणि त्यामुळेच आवरणाखालचं जाळं घट्ट बांधलं जातं. पुढे चार महिने अरुंद केशवाहिन्यांतून वाकत-वळत जायचं असतं, त्याची ही तयारी. मग केंद्रक बाहेर फेकलं जातं. म्हणून थॅलेसेमियाची जनुक-तपासणी लाल पेशींवर करता येत नाही, त्याच नळीतल्या पांढऱ्या पेशींमधून डीएनए काढावा लागतो. हे सांगितलं की मुलं हटकून वहीत लिहून घेतात.

मी पूर्वी एका प्रयोगशाळेत काम करायचे. तिथे हीच यंत्रणा मला दुसऱ्याच रूपात भेटायची. सांधे दुखणारी, गालांवर लाल चट्टा असलेली तरुण मुलगी यायची, ल्युपसची शंका असायची. तिच्या रक्तातला सीरम एका पट्टीवर घालायचा आणि कुठल्या रेषा उमटतात ते बघायचं. त्यांतली एक रेषा 'एसएम'. स्मिथ आडनावाच्या एका रुग्ण बाईच्या नावावरून ते नाव १९६६ मध्ये पडलं, कारण ही प्रतिपिंडं पहिल्यांदा तिच्या रक्तात ओळखली गेली. ती प्रतिपिंडं नेमकी कशाला धरतात हे पुढे जोन स्टाइट्झ आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी शोधलं. यू-वन, यू-टू यांच्या भोवतीच्या प्रथिनांना. ल्युपसच्या रुग्णांच्याच रक्तानं ते छोटे आरएनए पेशीतून वेगळे काढता आले, आणि १९८० मध्ये त्यांचा स्प्लायसिंगशी संबंध मांडला गेला. पट्टीवर एसएमची रेषा उमटली की मला त्या रुग्ण बायकांची आठवण यायची. आजार सोसताना त्यांनी जगाला केवढं शिकवलं. आपल्याकडच्या रुग्णांनाही हे कुणीतरी सांगावं असं मला मनापासून वाटतं.

"मग हे कापणं दुरुस्त न्हाई का करता येत?" हा प्रश्न कागदाच्या पट्टीनंतर येतोच, आणि तो रास्त आहे. एका आजारात करता आलं आहे. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीत मुलांचे स्नायू दुबळे होत जातात, तिथे एका राखीव जनुकातला सातवा एक्झॉन वगळला जातो. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या एड्रियन क्रेनर यांच्या संशोधनातून तो एक्झॉन ठेवायला लावणारं औषध तयार झालं, २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पाठीच्या कण्यात टोचावं लागतं. तेच काम करणारं, तोंडानं घ्यायचं औषध २०२१ मध्ये भारतातही आलं, तेव्हा त्याची किंमत मात्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. थॅलेसेमियातही कापणं दुरुस्त करण्याचे प्रयोग १९९३ पासून प्रयोगशाळेत झालेत. पण चुकीची नवी जागा तयार झाली असेल तर ती झाकता येते. वन-फाइव्हमध्ये खरी जागाच दुबळी झालेली असते, म्हणून ते अवघड. जनुक-संपादनाचा जो उपचार २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये मान्य झाला तो या जागेला हातच लावत नाही, तो गर्भावस्थेतली गॅमा साखळी पुन्हा सुरू करतो. आमच्या मुलांसाठी आज खरं काय आहे? वेळेवर रक्त, चढवलेल्या रक्तातून साचणारं लोह काढणाऱ्या गोळ्या, आणि सख्ख्या भावंडाशी जुळलं तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण. हे मी लपवत नाही. खोटी आशा दिलेली आई पुढच्या वेळी आपल्याला खरं विचारत नाही.

सगळ्यात मोठं काम मूल जन्मायच्या आधीचं आहे. देशात शंभरातले तीन-चार जण वाहक आहेत, म्हणजे बिघडलेलं एकच जनुक असलेले, धडधाकट, स्वतःला काही माहीत नसलेले. सीबीसीत, म्हणजे पेशींच्या मोजणीत, लाल पेशी लहान आणि संख्येनं जास्त दिसल्या की एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करायची, हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की वाहक. गावोगावी मुलींना 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात, वाहक असलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन त्यानं भरून येत नाही आणि ती कसूर तिच्या खाण्यापिण्यावर ढकलली जाते. शिवाय आमच्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल अजून आहे. नात्यातलं लग्न म्हटलं की दोघांकडे एकाच आजी-आजोबांकडून आलेलं तेच अक्षर असण्याची शक्यता वाढते. मी नात्यातल्या लग्नाविरुद्ध भाषण करत नाही. त्यानं लोक उठून जातात. मी फक्त म्हणते, पत्रिका बघता तसं ए-टू बघा. मुली शिबिरात हात पुढे करायला कचरतात, रिपोर्टवर 'वाहक' आलं तर स्थळं येणार नाहीत म्हणून. त्यांची भीती खरी आहे, आणि ती घालवायची तर आधी मुलग्यांची तपासणी करायला हवी. काही कॉलेजांत आता मी तशीच सुरुवात करते.

खटाव तालुक्यातल्या एका घरात नातवाचा रिपोर्ट समजावून सांगत असताना आज्जींनी पट्टी आणि कात्री स्वतःकडे घेतली. कापलं, जोडलं, सुनेकडून वाचून घेतलं. मग बाही वर सारून म्हणाल्या, "माझं रगत बघा आधी. सुनंला लई बोललोय आम्ही." त्यांचं ए-टू ५.१ आलं. त्यांचे भाऊ पलूसला, पुतणे इस्लामपूरला, आणि धाकट्या नातवासाठी भावाच्याच नातीचं बोलणं चाललेलं. आज्जींनी सगळ्यांना स्वतः फोन लावले. दिवाळीत घरी माणसं जमली तेव्हा मी जांभळ्या टोपणाच्या नळ्यांचा डबा घेऊन गेले आणि ओसरीवर बसून नमुने घेतले. धाकटा नातू वाहक निघाला. पलूसची मुलगी नाही. त्यांचं लग्न वैशाखात ठरलं आहे. पण मधल्या नातवाची बायको वाहक आहे आणि तिला आठवा आठवडा लागलाय. तिचा नवरा फौजेत, राजस्थानात पोस्टिंगवर आहे. अकराव्या आठवड्यानंतर गर्भाच्या वारेचा नमुना घेता येतो, पण त्याआधी नवऱ्याचं ए-टू हवं. ते तिथल्या लष्करी रुग्णालयात करून घ्या म्हणून मी सोमवारी त्याच्याशी बोलले. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणालाय.